श्वासाचं माप

झोपेत माझा श्वास थांबतो, असं बायकोनं सांगितल्यावर मालवणच्या आमच्या डॉक्टरांनी मला एक रात्र दवाखान्यात निजवलं. राखणीला त्यांचा कंपाउंडर होता. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवून देतानाही हा माणूस बोलत नसे. तरुणपणी तो बुडी मारून होड्यांचे अडकलेले नांगर सोडवायचा.

मध्येच मला जाग आली, तर कंदिलापाशी तो स्वतःचं नाक चिमटीत धरून बसलेला.

सकाळी डॉक्टरांना म्हणाला, "ह्येंचो श्वास थांबलो काय मी माझो धरून बसलंय. तीनदा माकाच आधी सोडूचो लागलो."

डॉक्टरांनी ते तसंच माझ्या कागदावर लिहून घेतलं.

आता बाजारात भेटला की तो प्रकृती विचारत नाही. नुसता माझ्या छातीकडे बघत उभा राहतो, आणि मी मुकाट्यानं श्वास घेऊन दाखवतो.