नकाशाची बाही

आमच्या आत्याचा माणसांवर विश्वास बेताचाच, टेपवर मात्र पुरेपूर. गिऱ्हाईक म्हणालं, "कंबर पूर्वीइतकीच आहे हो," की ती ऐकून घेते, हसते आणि गळ्यातला टेप काढते. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नाही. हट्टातही नाही.

तिची एकुलती एक लेक नोकरीसाठी परदेशी गेली, तेव्हा आत्यानं जगाचा नकाशा आणून मशीनसमोरच्या भिंतीवर लावला. दोन शहरांवर दोन टाचण्या टोचल्या. आम्ही आजोबांपासून सातासमुद्रापार, नकाशाच्या पश्चिम टोकाला वसलेले, म्हणून आपली डाव्या कडेजवळ, लेकीची पार पूर्वेला, उजव्या. टेप धरून तिनं दोनदा मोजलं. मधे अख्खं जग होतं.

यंदा लेकीला दिवस गेले. फोनवर ती म्हणाली, "आई, बाळंतपणाला ये ना. विमानानं नऊ तास तर लागतात."

"मला बोलवायला थापा मारू नकोस. नकाशा आहे माझ्यासमोर."

"बरं, नको येऊस. निदान बाळाला झबली तरी शिवून पाठव."

"माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही," म्हणून आत्यानं फोन ठेवला आणि दिवसभर पांढऱ्या कापडावर काळा दोरा चालवत बसली. एवढं जग ओलांडेपर्यंत आपला जीव विमानात टिकायचा नाही, ही तिची धास्ती. मला तिचा रागही आला आणि कीवही.

मग दुकानाला रंग द्यायचा निघाला. मी नकाशा टाचण्यांसकट उतरवून तिच्या हातात दिला. सवयीच्या हातांनी तिनं त्याची बाही केली, कडेला कड जुळवली आणि थबकली. दोन्ही टाचण्या जवळ आल्या होत्या! मधे जेमतेम वीतभर समुद्र.

"अगं बाई! जन्मभर बाह्या शिवल्या आणि हे डोक्यात आलं नाही! जग काय सपाट पसरलेलं असतं होय?" तिनं आनंदानं माझ्या पाठीत असा धपका घातला, की रंगाचा डबाच लवंडला. "राहू दे तो रंग! आधी तिकीट काढ!"

लेक फोनवर किंचाळली, "नऊच तास म्हणत होते ना मी!"

"म्हणत होतीस. मोजून कुठं दाखवलंस?"

विमानतळावर तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. कात्री मोठ्या बॅगेत गेली होती, पण मऊ कापड पिशवीत, न कापलेलं, आणि टेप गळ्यात. रांगेतल्या एका अनोळखी बाईला हातातल्या कागदाची सुरळी करून जग कसं जुळतं ते समजावत ती आत गेली. मागे वळून बघायचंसुद्धा विसरली.

आठवड्याभरानं तिचा फोन आला. मागे कुणीतरी इवल्याशा गळ्यानं टाहो फोडत होतं.

"आत्या! काय झालं? सगळं नीट ना?"

उत्तर मला नव्हतंच. ती रडत होती, हसत होती आणि दटावत होती, "हलू नकोस गं माझे सोने, आजीला माप घेऊ दे."