कवचाचे दोन ठराव

आठवडाभर पोरांच्या शंका सोडवून माणूस इतका विटतो की रविवारी कुणी नुसतं "सर, एक विचारू का?" म्हटलं तरी डोकं उठतं. मी लातूरला क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. तरी दर रविवारी दुपारी भाईंच्या शिलाईच्या दुकानावरची खोली गाठायचो आणि तिथंही हेच. सर, अदृश्य माणसाची सावली पडते का? सर, झोपेचा मंत्र बहिऱ्यावर चालतो का? अरे देवा!

खेळ तसा सोपा. चौघांनी मिळून एक गोष्ट रचायची. तिघांनी आपापलं एकेक पात्र चालवायचं, बाकी सगळं जग माझ्याकडे. लढाई झाली की फासे टाकायचे आणि कोण जगलं, कोण गेलं, ते नियमांवरून ठरवायचं. नियमांचं पुस्तक इंग्रजी, विटेएवढं जाड, ते वाचायचं काम माझ्याच गळ्यात.

तिघांपैकी एक रेणापूरकडचे ग्रामसेवक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. दुसऱ्या नांदेडहून एसटीने येणाऱ्या सिस्टर, तिथल्या दवाखान्यात नर्स. तिसरे भाई. भाऊसाहेब जातील तिथं ग्रामसभा. जादूच्या नियमावरून वाद झाला की ते रजिस्टर उघडायचे, ठराव लिहायचे, खाली सूचक, अनुमोदक आणि सगळ्यांच्या सह्या. आम्ही हसायचो, पण सह्या करायचो. एकदा ठराव झाला की पुस्तक बाजूला.

त्यातला एक ठराव माझा, दोन वर्षांपूर्वीचा. कवचाचा मंत्र घेतला तर कुठली जादू अडते आणि कुठली आत जाते, यावर पुस्तकात चार पानं होती. मी ती वाचली होती. बरं करणारा मंत्र कवचातूनही जातो, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं. पण त्या दिवशी ते सगळं समजावून सांगायचा जीवच नव्हता. मी म्हणालो, "कवच म्हणजे सगळी जादू बंद, चांगली असो की वाईट. पुस्तकात असंच आहे." सूचक मी, अनुमोदक भाऊसाहेब. पाच मिनिटांत विषय संपला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसरा ठराव भाईंचा. मंत्र म्हणणारा बेशुद्ध पडला तरी मंत्र त्याच्या वेळेपर्यंत टिकतो. तो सिस्टरच्या पात्राला वाचवायला केलेला.

भाईंचं पात्र म्हणजे एक म्हातारी चेटकीण. सात वर्षं तीच. नव्या कापडाच्या चिंध्या जोडून तिच्यासाठी त्यांनी बोटभर गोधडीसुद्धा शिवली होती. "ही गेली तर दुसरी न्हाई बनवणार," असं ते मागंच बोलले होते.

या उन्हाळ्यात एका रविवारी म्हातारीनं कवच घेतलं आणि एकटीनं पूल अडवला. शत्रूची जादू वाया गेली, पण त्यांच्यातल्या एकाची सुरी जादूची नव्हती. म्हातारी पडली, बेशुद्ध झाली. तीन फेऱ्यांत इलाज झाला नाही तर खलास. सिस्टर घाईनं म्हणाल्या, "मी बरं करायचा मंत्र म्हणून राहिले."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. दोन्ही ठराव वाचून दाखवले. भाईंच्या ठरावानं कवच टिकणार, माझ्या ठरावानं इलाज अडणार.

"सर, पुस्तकात एकदा बघा की," सिस्टर म्हणाल्या. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. भाई माझ्याकडे बघत राहिले. मला एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी, तेव्हा कंटाळलो होतो. पण त्यामागं पुन्हा वाद, पुन्हा शंका, दोन वर्षांचं सगळं उकरणं. लाजही वाटली. मी म्हणालो, "बघायचं काय त्यात? तसंच आहे."

तीन फेऱ्या झाल्या. भाईंनी म्हातारीच्या शक्ती लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

पुढच्या रविवारी त्यांनी खोलीचं कुलूप काढून दिलं, जाजम अंथरलं आणि खाली मशीनवर जाऊन बसले. मी मागोमाग उतरलो. म्हणालो, "भाई, नवं पात्र घ्या ना. हवं तर तो ठराव रद्द करतो."

पायडल थांबलं. "ती चार पानं पोरीकडून वाचून घेतली होती मी, सर. लई दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघून राहिलो होतो. तीन फेऱ्या." त्यांनी सुईत दोरा ओवला. "तुम्ही थकलो म्हणाला असता, तर खेळ मीच बंद केला असता. म्हातारी जिती ठिवून."

मग ते पुन्हा शिवायला लागले आणि मला वर जावं लागलं.