विस्कटलेल्या वड्यांची पैज

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मुगाच्या वड्या घालणं. घालत ती होती. मी नुसतं वाटलेल्या डाळीनं भरलेलं गंज धरून बसलो होतो. खाटेवर माझं जुनं धोतर अंथरलं होतं.

तिची मांडायची एक रीत होती. चार कोपऱ्यांना चार वड्या, मधात एक. मग बाजूला तशीच दुसरी पाचाची मांडणी. धोतर भरलं की एकदा नजर फिरवायची अन् आकडा सांगायची. बोट लावायची गरज नाही. शेजारणीनं जाता जाता एखादी उचलली तर तिची पाठ फिरायच्या आत आवाज जायचा, "अवं बाई, मधातली ठेव!"

मला त्याचं नवल नव्हतं. मी जन्मभर वाशिमच्या बाजारात हमाली केली. थप्पी लावताना तीन पोते उभे, दोन आडवे, वरच्या थराला तेच उलटं. लांबून थप्पी दिसली की किती पोते ते समजते, मोजा लागत नाही. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली, पण पाचाचा पाढा माझ्या पाठीवर आहे.

तेच पोते ट्रकमधून कसेही फेकले की मी कामातून गेलो. पुतणीच्या लग्नात हेच झालं. किती जण जेवायचे राहिले ते पाहून आचाऱ्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं. पंगत बसली असती तर फटकन सांगितलं असतं. पण तिथं सगळे ताटं घेऊन उभे. कोणी इकडं, कोणी तिकडं, एक बुवा तर माझ्यासमोरून तीनदा गेला. मी म्हटलं, "आता थोडेच उरले, नवीन भाजी टाकू नको." वांग्याची भाजी संपली तेव्हा नवरदेवाचा मामा रिकामं ताट घेऊन उभाच होता. तो अजून माझ्याशी बोलत नाही. बायको मात्र त्या भाजीवरून मला रोज बोलायची.

वड्या घातल्या त्या सांजेलाही बोलली.

"अवो थप्पीवाले, आज मांडणी नाही. अशाच टाकून राह्यली. सांगा मंग, किती होतात ते."

"अन् हारलो तं?"

"सकायचा चहा तुमी करसान."

"अन् तू हारली तं?"

"मी कायले हारीन?"

"तरी पण."

"मंग त्या मामाच्या भाजीचं नाव नाही काढणार."

आता पैजेत दम आला. चहाचं काय, चहा मी जिंदगीत कधी केलाच नव्हता. पण तो टोमणा बंद होणार म्हणजे म्हातारपण सुखाचं जाणार. मला ही पैज जिंकायचीच होती.

तिनं डाळ संपेपर्यंत वड्या कशाही टाकल्या. मी डोळे बारीक केले. ना थर, ना ओळ, कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं सगळं धोतर.

"चाळीस," मी म्हटलं.

"छत्तीस," ती हात धुता धुता म्हणाली.

"कायच्यावरून?"

"इथं तीन, तिथं चार, असे घोळके दिसतात मले. तुमाले नुसता पसारा दिसते."

"मोज मंग बोट लावून."

"ओल्या हायेत. मोडून ठेवसान. सकायी सुकल्यावर मोजू."

खाट उचलून आम्ही ओसरीत ठेवली. जेवलो. झोपलो.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली होती. हलवून पाहिलं, हाका मारल्या, हात थंड लागला. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

गल्लीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला बोलावलं. मग गाव जमलं. ओसरीत जागा पाहिजे म्हणून कोणीतरी वड्यांची खाट अंगणात नेऊन ठेवली. आत बाया रडत होत्या अन् मी अंगणात खाटेपाशी उकिडवा बसलो.

बहीण धावत आली. "दादा, काय करून राह्यला?"

"मोजून राह्यलो."

"डोकं फिरलं काय तुहं?"

"गप. चुकवू नको."

पस्तीस भरल्या. माझे चाळीस तर गेलेच, पण मनात म्हटलं, तीही हारली! एका वडीनं का होईना, हारली. तेवढ्यात धोतरावर एक पिवळा गोल डाग दिसला. ओला. वडी मात्र नव्हती. वर भिंतीवर कावळा चोच घासत होता. काय करता, कावळ्याची वडी तिच्याच बाजूनं धरा लागली. छत्तीस.

मी उठून गॅसकडे गेलो तर बहीण आडवी झाली. "दादा, घरात मयत हाये! चूल पेटवत नसतात."

"मंग तुह्या घरी पेटवतो."

"मी आणतो ना करून, दादा. तू बस तिच्यापाशी."

"तू कायले करतं? हारलो मी हावो."

 ती डोळे पुसत पुढं झाली अन् तिच्या घराचं दार उघडून दिलं. मी मोठं गंज घेतलं, दूध ओतलं, पत्ती टाकली, अद्रक ठेचून टाकलं. एकदा उतू गेलं ते सोडा. केटलीत भरून अंगणात आणला अन् जमलेल्या सगळ्यांना माझ्या हातानं कप दिले. सगळे खाली मान घालून प्याले. एक म्हातारा तेवढा पहिल्या घोटाला थांबला, माझ्याकडे पाहिलं, मग त्यानंही कप रिकामा केला.

शेवटी मी घोट घेतला. साखर टाकायचीच राहिली होती. मयतीच्या घरी साखर कोण मागते!