घरी कुणी न्हाई जी

नगरकडून तंबूतला सिनेमा आष्टीच्या बाजारात आला तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. चित्र मुकं होतं, गोऱ्या लोकांच्या मुलखातलं. घोड्यावरचे पोलीस आणि घोड्यावरचेच दरोडेखोर, एवढीच गोष्ट. पडद्याजवळ एक माणूस काठी घेऊन उभा राही आणि कोण काय बोलतंय ते मराठीत ओरडून सांगे. मी आणि माय बायांत एका अंगाला, बाप बाप्यांत दुसऱ्या अंगाला, मधे दोरीवर टाकलेलं धडपं. पुढं खुर्चीवर आमच्या भागाचा पोलीस जमादार बसला होता, फुकट.

निजामाच्या राज्यात हुद्देदाराचा मुक्काम हलला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत वेठीनं पोचवावं लागे. गाडी आपली, बैल आपले, मजुरी नाही. म्हणून गल्लीत घोड्याच्या टापा वाजल्या की बाप कडब्याच्या गंजीत शिरायचा आणि माय पदर ओढून दारात उभी राहायची. तिचं बोलणं ठरलेलं होतं. आवाजही ठरलेला, जरा रडका. गावातल्या निम्म्या बाया हेच करत.

पडद्यावर एक दरोडेखोर पळत येऊन एका घरात शिरला. मागून पोलीस आला. दार उघडून एक बाई बाहेर आली. घोड्याचं तोंड पडदाभर मोठं झालं. काठीवाला ओरडला, "फौजदार विचारतो, बाई, घरात कोण हाय?"

माय चटकन उठली, पदर नाकापर्यंत ओढला आणि म्हणाली, "घरी कुणी न्हाई जी. मालक सोयऱ्याच्या गावाला गेल्यात."

तंबू हसायला लागला. मागची बाई म्हणाली, "बस गं बये, तुझा मालक न्हाई मागितला त्यानं." बाप्यांतून कुणीतरी म्हणालं, "अन् गंजीत कोण हाय, ते बी सांग."

मी गुडघ्यांत तोंड घातलं. तसंच तिचं लुगडं ओढलं. "माय, खाली बस की."

"घोडं दिसलं गं," ती म्हणाली. अजून उभीच होती.

जमादार मात्र हसला नाही. त्यानं हात वर केला तसा यंत्र फिरवणारा थांबला. बत्ती लागली. हा आवाज त्यानं आमच्या दारात कितीदा तरी ऐकला होता.

"किसकी औरत है ये?"

आमची बाजरी खळ्यावर पडून होती, मळणी व्हायची होती आणि आभाळ भरत होतं. गाडीबैल गेले तर वर्षाचं खाणं गेलं, हे मलाही कळत होतं. बाप नुसता बसून राहावा, एवढंच वाटत होतं. पण बाप उठला.

"माझी हाय, सरकार."

"सोयरे के गाँव से कब आया बे?"

आता तंबू आधीपेक्षा जास्त हसला. बापही हात जोडून त्यांच्याबरोबर हसला. त्याचं ते हसणं अजून डोळ्यांपुढं येतं तेव्हा मी मान फिरवते. मायचं बोलणं मला एकवेळ सहन झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी, बैल आणि बाप जमादाराच्या सामानाबरोबर गेले. बैल नाहीत म्हणून आम्ही मायलेकींनी बाजरी काठ्यांनी झोडपली. थोडी निघाली, बाकीची पावसानं खळ्यावरच काळी पडली. बाप आला तेव्हा बैलांचे खांदे सुजलेले होते. तो मायला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढं बाजारात माय दिसली की लोक म्हणायचे, "काय बाई, मालक घरी हाय का?" ती मान खाली घालून मिरच्या निवडायची. मी चार पावलं मागं राहायची.

मग एकदा परत दारात टापा वाजल्या. बाप गंजीकडं गेला नाही. त्यानं टोपी सारखी केली. माय सवयीनं उठली, पदर ओढून उंबऱ्यापर्यंत गेली, तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"तू आत जा," बाप म्हणाला.

ती आत येऊन जात्यापाशी बसली आणि खुंटा धरला. दळायला काही नव्हतं. बाहेर बाप गाडीला बैल जुंपत होता.