आईच्या नावावरची मेणबत्ती

ओब्राद रुळांचे सांधे बदलणारा. सर्बियातल्या त्या छोट्या स्टेशनात त्याच्या हाताखालून वीस वर्षं गाड्या सुखरूप गेल्या, पण गावात नाव झालं ते एका मेणबत्तीमुळे.

डिसेंबरात त्याच्या कुळाच्या संताचा, संत निकोलाचा दिवस असे. मेणबत्ती लावायची, साखर-अक्रोड घालून गहू शिजवायचे. आमंत्रण कुणालाच नाही, येणारा येतो. कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आलं आणि पक्षाच्या माणसाला हे वर्ज्य झालं. सोडलं मात्र कुणीच नाही. मास्तर म्हणत, ही लोकसंस्कृती. डॉक्टर म्हणत, मधमाशांच्या मेणाने हवा शुद्ध होते. बाकी सगळ्यांचं एकच, "म्हातारी आई ऐकत नाही हो!" त्या गावातल्या आयांनी पक्षाचे किती सभासद तारले, कोण जाणे!

ओब्रादही पक्षाचा सभासद, आठ वर्षं हेच सांगत आला. आई हसायची. "घाल माझ्या डोक्यावर. माझी कुठे नोकरी जातेय!"

मग एका ऑक्टोबरात ती गेली. डिसेंबरात मेणबत्ती लागलीच, आणि ओब्रादला कचेरीत बोलावणं आलं. पक्षाचा चिटणीस विदोये त्याचा शाळेतला दोस्त. त्याने कागद पुढे सरकवला.

"लिही, आईची शेवटची इच्छा होती. मिटलं."

"तिची शेवटची इच्छा गरम सूप होती."

"थट्टा नको, गाढवा. सांध्यांची केबिन जाईल, कोळसा उपसावा लागेल."

"मेलेल्या बाईच्या पदराआड मी लपणार नाही. मेणबत्ती मी लावली."

"पण का?"

"माझा विश्वास आहे म्हणून."

"हे काय कारण झालं?"

"तुला पटण्याजोगं नाही. माझ्याकडे दुसरं नाही."

कोळसा नशिबी आला. हात फुटले, पाठ धरली, पण पुढच्या डिसेंबरात पठ्ठ्याने भर दुपारी, पडदे न ओढता मेणबत्ती लावली. शेजारपाजारचे मान खाली घालून रस्त्याच्या पलीकडून गेले. ताटातले गहू तसेच राहिले. ओब्रादला वाईट वाटलं, फार वाटलं.

दिवस कलताना दार वाजलं. विदोये.

"सहज आलो. तुझ्या आईची आठवण झाली, म्हणून..."

ओब्राद दारातून हलला नाही. "आईसाठी आला असशील तर ती टेकडीवर आहे, कबरस्तानात. इथली मेणबत्ती माझी आहे."

विदोयेने उंबऱ्याबाहेरून मागे वळून पाहिलं. रस्त्यावरून माणसं जात होती. मग त्याने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि दुसरं कुठलंही कारण न सांगता आत आला.