शेवंताबाईच्या गालातला डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही शेवंताबाईला ओळखत नाही.

चामोर्शीजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं असतील. तोंडाचा कॅन्सर तपासायला डॉक्टर शाळेत येणार होते, आणि नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. गावात तंबाखू कोण खात नव्हतं? मीही खायचो — पोरांकडे पाठ करून.

आदल्या दिवशी शेजारची शेवंताबाई धानाच्या रोवणीवरून थेट माझ्याकडे आली. बोटानं गाल ताणून म्हणाली, "गुरुजी, इथी पांढरं झालं हाय. दुखत नाई. डाक्टरले दाखवू का जी?"

पाहिलं. तसाच डाग माझ्या गालात होता. रोज आरशात बघायचो — आणि गप्प बसायचो. तिचा वाईट निघाला तर माझं काय? मनात आलं ते एवढंच. तिचा विचारसुद्धा नाही.

"चुन्यानं पोळलं असेल," मी म्हणालो. "उद्या रोवणी सोडून कशाला येता?"

तिनं मानलं. मास्तरचा शब्द ना! तिचं नाव मी लिहिलं नाही. माझंही नाही.

वर्षभरात तिच्या डागाची जखम झाली. मग मात्र ती कुणाला न विचारता नागपूरला गेली. परतली तेव्हा खालचा अर्धा जबडा काढलेला होता. तिनं आता घरातच बसावं — खरं सांगू? — असं मला वाटत होतं.

पण डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा ती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. सगळ्या गावासमोर पदर बाजूला केला. "पाहा. मी उशीर केला. तुमी नका करू."

मी उशीर केला, म्हणाली! माझं नावही घेतलं नाही. एवढं मोठं माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी राहत होतं, आणि मला पत्ता नव्हता. लोक रांगेत लागले. मीही लागलो.

माझा डाग साधा निघाला. तंबाखू सोडली, तसा गेलाही.

हे कळल्यावर शेवंताबाई अंगणात आली. शब्द नीट फुटत नव्हते, पण चेहरा खुलला होता. "बरं झालं जी. तुमी सारखे गाल चाचपत बसत होते, मी पाहत होती. मले वाटलं, मी दाखवलं तर तुमी बी दाखवान. म्हनून तर 'दाखवू का' इचारलं होतं त्या दिवशी."

मी "हो का," म्हणालो, आणि घरात गेलो.