दसऱ्याची फायनल आणि राईट बॅक

माझ्या मायची बोटं मी कधी स्वच्छ पाहिली नाहीत. दिवसभर मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळायची आणि त्याच हातांनी संध्याकाळी भाकरी थापायची. भाकरीला तंबाखूचा वास यायचा. आम्हाला वाटायचं, भाकरीचा वास असाच असतो. बाप गिरणीत, पिंजण खात्यात. तिथं कापसाची धूळ अशी उडे की पाळी सुटल्यावर गेटातून बाहेर पडणारा जवान माणूसही म्हातारा दिसे, भुवयांसकट पांढरा. घरी आला की बाप आधी नालीपाशी उकिडवा बसून खोकायचा आणि मगच आत यायचा. हे मी कोणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. माझ्या बापाला पिंजण खात्यात जायचं काही कारण नव्हतं, म्हणून लिहितो. तो फुटबॉलपटू होता.

गिरणीचा स्वतःचा क्लब होता. क्लबात खेळणाऱ्याला हलकं काम मिळे, कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात. पाळी सकाळची आणि मॅचच्या दिवशी दुपारपासून मोकळीक. बाप राईट बॅक होता, उजव्या बाजूचा बचाव त्याच्याकडे. तेव्हा निम्मी टीम अनवाणी खेळे, घोट्याला पट्टी बांधून. बापाच्या पायाचा विटाळ कोणाला होत नव्हता. त्याच्या पायाचा बॉल सगळे छातीवर घेत. हाफ टाइमला पाणी मात्र त्याच्या ओंजळीत वरून ओतत.

मग एका दसऱ्यानंतर त्याला टीममधून काढलं आणि महिनाभरातच पिंजण खात्यात टाकलं. तो दसरा बौद्ध धम्माच्या दीक्षेचा होता. मी तेव्हा मायच्या कडेवर होतो.

मी मोठा झालो तो क्लबाचे जुने किस्से ऐकत. गिरणीच्या गेटासमोर चहाचं हॉटेल होतं. रविवारी सकाळी तिथं जुने शौकीन जमत. त्यांचा पुढारी एक रिटायर जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम. खेळला तो कधी नाही, पण गोल सगळे त्यालाच पाठ. लेफ्ट आउटचा किस्सा सांगताना तो बशी कॉर्नरला ठेवायचा आणि कप गोलात.

"इथून मारला भाऊ त्यानं. बॉल बाहेर जाऊन राहिला, जाऊन राहिला, अन् मधातच त्याले घरची याद आली. वापस. गोलकीपर पाहतच राहिला."

सगळे हसत. मग किश्शात सेंटर हाफ यायचा, जो पावसाने ओला झालेला, दगडासारखा चामड्याचा बॉल कपाळावर घ्यायचा आणि मॅचनंतर स्वतःच्या घरचा रस्ता विचारायचा. मग गोलकीपर, जो टीमचा कॅप्टन होता आणि आता तिथंच कोपऱ्यात, दुखरा गुडघा लांब करून, मुकाट्याने चहा फुंकत बसलेला असायचा. अशी एकेक जागा भरत ते राईट बॅकपाशी येत आणि जॉबर तोंड वाकडं करायचा.

"बॅक होता एक नंबर. पाय होता त्याचा, पण कलेजा नव्हता. मिल्ट्रीची टीम पाहून फायनलच्या दिवशी पयला."

पयला म्हणजे पळाला. गिरणीच्या आवारात माझ्या बापाची ओळख या एका शब्दावर येऊन थांबली होती. शाळेत पोरं मला म्हणत, "पयल्याचा पोट्टा, पयला नंबर आण." मी आणायचोही. तरी शब्द तसाच.

मायला विचारलं तेव्हा तिने वळती विडी खाली ठेवली.

"पयला नाही रे बापू. गेलता तो. मी संगं होती ना, तू कडेवर. सकायी दीक्षा घेतली, तिथूनच पांढऱ्या कपड्यावर मैदानात गेला. क्लबाच्या तंबूत बॉलची पूजा मांडली होती, दसऱ्याची. समद्याइले टिया लावून राहिले होते. यानं म्हटलं, मले नोका लावू. तं सेक्रेटरी म्हणे, टिया नाही तं क्लबाचं बनियन नाही."

पूजा दरसाल व्हायची. गिरणीत मागांना झेंडूच्या माळा घालत, तशी क्लबात बॉलला. हळद-कुंकू, नारळ, मग कुंकवाचा टिळा कपाळाला लावूनच खेळाडू मैदानात उतरे. त्याआधीची सगळी वर्षं बापानेही लावला होता. पण त्या दिवशी सकाळी त्याने लाखो माणसांत उभं राहून, देवांना मानणार नाही, पूजा करणार नाही, असं तोंडाने म्हटलं होतं. तो तंबूच्या मागच्या बाजूने निघून गेला. सेक्रेटरीने बाहेर येऊन प्रेक्षकांना सांगितलं, राईट बॅक आलाच नाही. त्याच्या जागी उतरवलेल्याला चुकवून मिल्ट्रीने दोन गोल केले आणि क्लब फायनल हरला.

"मंग बाबानं कोणाले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"सांगून का होते? त्याइले मालूम नाही का?"

बाप क्लबाची मॅच पाहायला पुढेही जात राहिला. गोलामागे, शौकिनांपासून लांब, एकटा उभा राहायचा.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी त्याआधी कोणी चढलेलं नव्हतं. बापाने गिरणीत पेढे वाटले. जॉबरने पेढा खाल्ला आणि म्हणाला, "पोट्टा बापावर नाही गेला. परीक्षेले बसला तरी." बापाने ते घरी येऊन सांगितलं, हसत. मला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी मी हॉटेलात गेलो आणि त्यांच्याच बाकावर बसलो. लेफ्ट आउट झाला, सेंटर हाफ झाला. राईट बॅकपाशी जॉबरने माझ्याकडे पाहून जरा आवाज उतरवला, पण शब्द तोच.

मी म्हणालो, "काका, तो पयला नाही. मैदानात आला होता. टिळा लावला नाही म्हणून तुमच्या सेक्रेटरीनं बाहेर बसवला."

"कोण म्हणते?"

"माझी माय म्हणते. ती होती तिथं."

"बायको तं नवऱ्याचंच सांगन. डिग्री घेतली म्हून का आता तू आमाले क्लब शिकवतं?"

"मायचं नका ऐकू. कॅप्टनला विचारा. तंबूत ते होते."

सगळे कोपऱ्याकडे वळले. कॅप्टनने बशी खाली ठेवली. लांब केलेला गुडघा जवळ ओढला. मला वाटलं, हा माणूस आता उठून जाईल.

"आला होता," तो म्हणाला. "मीच त्याले बाजूले घेतलं. म्हटलं, लावून घे गा, मैदानात गेला का पुसून टाकजो. तं म्हणे, सकायी तोंडानं नाही म्हटलं, आता कपायानं हो कसं म्हणू?"

जॉबर कॅप्टनकडे वळून म्हणाला, "इतके वर्स तू बोलला काहून नाही बे?"

"कोणं विचारलं मले? तूच तं सांगत राहे."

जॉबर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "म्हंजे एवढ्याशा टियापायी कप घालवला म्हणा ना."

"घालवला," मी म्हणालो, "पण त्यानं नाही. तो खेळायलाच आला होता. त्याला टिळा नको होता, मॅच हवी होती. मॅचपेक्षा टिळा मोठा तुम्हाला वाटला."

जॉबरने चहा संपवला आणि माझ्या चहाचे पैसेही देऊ लागला. मी देऊ दिले नाहीत.

घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, बरं वाटेल त्याला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "कॅप्टनचा गुडघा कसा हाय?" आणि खोकायला नालीपाशी गेला. खात्याने त्याची छाती कधीच खाऊन टाकली होती. कॅप्टनच्या एका वाक्याने ती भरून येणार नव्हती. घडी खात्यात काढता आली असती ती वर्षंही कोणी परत केली नाहीत. टिळा लावून खेळलेल्यांना गिरणीने रिटायर होताना शाल दिली. बापाला दिली नाही. त्याने मागितलीही नसती.

त्या रविवारनंतर हॉटेलात जुन्या टीमची गोष्ट निघाली की राईट बॅक म्हणून माझ्या बापाचं नाव घेऊ लागले, आणि त्या फायनलला क्लबाने त्याला खेळू दिलं नाही, असं सांगू लागले.